रोज खिशात बाळगायला छोटी टॉर्च कुठली घ्यावी? रात्रपाळीवरून येताना उसातली वाट आहे

सेकंडशिफ्ट_जुन्नर

नमस्कार मंडळी. मी चाकणला एका कंपनीत प्रेस शॉपला आहे, घर जुन्नर तालुक्यात. सेकंड शिफ्ट सुटली की कंपनीची बस पुणे-नाशिक हायवेला फाट्यावर सोडते तेव्हा पावणेएक वाजलेले असतात आणि तिथून वस्तीवर दीड किलोमीटर पायी, दोन्ही बाजूला ऊस. आमच्याकडच्या बिबट्याचं नव्याने सांगायला नको, माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र आमच्याच तालुक्यात आहे.

आत्तापर्यंत मोबाईलच्या उजेडावर चाललं. पण गेल्या महिन्यात एका हातात डब्याची पिशवी, एका हातात मोबाईल, पाटावरच्या फळीवरून जात होतो आणि तेवढ्यात घरून फोन आला, उचलायला अंगठा सरकवला तर मोबाईल हातातून निसटून पाटात. उजेडही गेला आणि फोनही गेला. त्या फळीवर किती वेळ उभा होतो माहीत नाही, डोळ्यांसमोर नुसता काळोख, उसात सळसळ, आणि कुणाला बोलवायचं तर फोन पाण्यात. तेव्हापासून ठरवलंय की उजेड आणि फोन या दोन गोष्टी एका वस्तूत ठेवायच्या नाहीत.

घरात वडिलांची तीन सेलची स्टीलची बॅटरी आहे, चांगली आहे पण खिशात मावत नाही, पिशवीत टाकली तर वेळेला सापडत नाही. ऑनलाईन बघितलं तर तीनशे रुपयांत दहा हजार ल्युमेन लिहिलेल्या टॉर्च दिसतात आणि दुसरीकडे तीन हजाराची हजार ल्युमेनची, मला हे गणित कळेना. ल्युमेन किती पुरतात, चार्जिंगची घ्यावी की सेलची, आणि रोज अंगावर नेमकी कुठं ठेवता तेही सांगा. आईपण पहाटे साडेचारला गोठ्यात जाते, तिच्यासाठीही एक बघायची आहे, पण तिला चार बटणं दाबायला लावणारी नको.

भटक्या_घाटवाटा

दादा, पाटात पडला तो फोनच, तुम्ही नाही, हे बरं झालं.

ल्युमेनचं आधी सांगतो कारण तिथंच सगळे फसतात. ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून एकूण किती उजेड बाहेर पडतो तो आकडा, तो उजेड किती लांब जातो हे त्यावरून कळत नाही. लांबचं बघायचं तर कॅन्डेला, म्हणजे झोत किती तीव्र आहे तो आकडा बघायचा. चांगल्या कंपन्या डब्यावर एफएल१ नावाच्या मानकाप्रमाणे आकडे छापतात, त्यात ल्युमेन टॉर्च लावल्यावर तीस सेकंद गेल्यानंतर मोजतात, आणि जे मीटरचं अंतर लिहिलेलं असतं ते उजेड पाव लक्सवर येईपर्यंतचं, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. म्हणून डब्यावर २०० मीटर लिहिलं असेल तर दोनशे मीटरवर तुम्हाला बिबट्या ओळखू येईल असं समजू नका, त्याच्या अर्ध्या अंतरापर्यंत नीट दिसतं असं धरून चाला. आणि दुप्पट लांब बघायला चौपट कॅन्डेला लागतात, त्यामुळे ल्युमेनचा आकडा दुप्पट झाला तरी डोळ्यांना फरक फार जाणवत नाही. तीनशे रुपयांत दहा हजार ल्युमेन म्हणजे निव्वळ थाप.

अजून एक, छोटी टॉर्च हजार ल्युमेन देते तीही मिनिट-दोन मिनिटंच. एवढ्याशा नळीत तापलेली उष्णता जाणार कुठं, मग ती स्वतःहून मंद होते आणि तीन-चारशेवर येऊन बसते. हा बिघाड नाही, तशीच बनवलेली असते. तुमच्या वाटेला चालताना शंभर-दीडशे ल्युमेन भरपूर झाले आणि मधूनच लांब बघायला चारशे-पाचशेचा झोत. पण खालचा मोड अगदी मंद मिळतो का हे जरूर बघा, एक ल्युमेनच्याही खालचा असला तर उत्तम. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि झगझगीत उजेडाने ते एका क्षणात जातं. राजमाचीला रात्री चालताना आम्ही मंद उजेडावर चालतो, पायवाटही दिसते आणि आजूबाजूच्या डोंगराची रेघही दिसते.

पावसात धुकं असताना टॉर्च डोळ्यांच्या उंचीवर धरू नका, समोर पांढरी भिंत उभी राहते. हात खाली सोडून कमरेच्याही खालून उजेड मारा, वाट दिसते. पाण्याचं म्हणाल तर आयपीएक्स४ म्हणजे नुसते शिंतोडे, आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. तुम्हाला पाट ओलांडायचा असतो, सातच्या खाली जाऊ नका.

मी स्वतः १८६५० मापाच्या चार्जिंगच्या सेलची कॉन्वॉय एस२ प्लस वापरतो, मागं एकच बटण, साधी आहे.

बांधावरचा

मी सांगली जिल्ह्यातला, द्राक्षं आणि ऊस. आमच्याकडं शेतीची लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते, म्हणजे बारा वाजता मोटर चालू करायला जायचं आणि दारं धरत पहाट करायची. त्यामुळं बॅटरी आमच्यासाठी कोयत्याएवढीच गरजेची.

वरच्या भाऊंनी चांगलं सांगितलंय पण एक राहिलं. तुम्ही बिबट्याच्या मागं लागलाय, पण रोजच्या वाटेवर खरी भीती पायाखालची असते. मण्यार रात्रीच फिरते, घोणस बांधाच्या गवतात पडून राहते आणि पाय पडला की चावते. साप बघायचा तर बॅटरी कमरेजवळ आडवी धरायची, उजेड तिरका पडला की काडीचीपण सावली पडते आणि वेटोळं वेगळं कळतं. बॅटरी डोक्याजवळ धरून सरळ खाली उजेड मारला की सगळं सपाट दिसतं. आणि जनावर बघायचं असेल तर उलटं, बॅटरी गालाला लावून डोळ्यांच्या रेषेत धरायची आणि लांब फिरवायची, जनावराचे डोळे उजेड आला तसा माघारी फेकतात म्हणून ते चमकताना दिसतात. कुत्रा, गाय, मांजर सगळ्यांचे चमकतात, घाबरून पळू नका, थांबून बघा डोळे जमिनीपासून किती उंच आहेत आणि एकमेकांपासून किती लांब. गवतात बारीक बारीक हिरवट ठिणग्या दिसल्या तर ते कोळ्यांचे डोळे, पहिल्यांदा मला दव वाटलं होतं, जवळ जाऊन बघितलं तर प्रत्येक ठिणगीमागं एक कोळी.

ल्युमेन बिल्युमेन मला कळत नाही पण नुसता पसरट उजेड देणारी घेऊ नका, मध्ये झोत आणि कडेला उजेड अशी घ्या. भाऊ म्हणतात मंद उजेडावर चालावं, ते डोंगरात खरं असेल, उसाच्या कडेनं मी मंद उजेडावर चालणार नाही. पानं हलली तर काय हललं हे तिथल्या तिथं दिसलं पाहिजे. वनखात्याचे लोकपण आमच्याकडं हेच सांगून गेले, उजेड ठेवा, काठी ठेवा, बोलत किंवा मोबाईलवर गाणी लावत चला, आणि बिबट्या दिसला तर खाली वाकू नका बसू नका.

आणि एक हात मोकळा पाहिजे. स्टार्टरची पेटी उघडताना मी आधी उजेड मारून बघतो, पाली असतात, एकदा साप निघाला होता. त्यावेळी बॅटरी बगलेत धरायची सवय होती, ती एकदा सटकून चिखलात गेली आणि मी ओल्या हातानं अंधारात स्टार्टरपुढं उभा. तेव्हापासून दोरी बांधून गळ्यात.

उपकेंद्र_ताई

मी एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली नर्स आहे, मोखाड्याकडच्या भागात. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही, आणि बाळंतपण काही लाईटची वाट बघत नाही.

तुम्ही खिशात बाळगायची टॉर्च म्हणताय. बायकांच्या कुर्त्याला खिसे नसतात, साडीला तर नाहीच, हे आईंसाठी टॉर्च घेताना लक्षात ठेवा. पर्समधली टॉर्च म्हणजे नसलेली टॉर्च, कारण लागते तेव्हा पर्स दुसऱ्या खोलीत असते. मी ट्रिपल ए सेलची बोटाएवढी टॉर्च ओळखपत्राच्या दोरीत अडकवते, वजन जाणवतही नाही, दिवसभर गळ्यात असते. मोठी टॉर्च बॅगेत वेगळी. दोन वर्षांत मोठी दहा-बारा वेळा काढली असेल, गळ्यातली रोज लागते. कुलूप उघडायला, लसीच्या बाटलीवरची तारीख वाचायला, पायरी बघायला. आईंना गोठ्यात जायचंय तर त्यांच्यासाठी गळ्यातली किंवा पदराला क्लिप लागेल अशी बघा, एक सेल, एक बटण, दाबलं की लागली आणि दाबलं की बंद. मोड नकोत.

दुसरं उजेडाच्या रंगाचं. स्वस्त टॉर्चचा उजेड निळसर पांढरा असतो आणि त्यात माणसाचा रंगच कळत नाही. मी पापणी खाली ओढून लाली बघते, अंगात रक्त कमी आहे का त्याचा अंदाज घ्यायला, तर निळ्या उजेडात सगळ्याच फिकट दिसतात. दुकानात गेलात तर सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात तो आकडा, नव्वदच्या वर आहे का विचारा आणि चार-पाच हजार केल्विनचा रंग घ्या, साडेसहा हजाराचा नको. त्या उजेडात रक्त लाल दिसतं आणि चिखल चिखलासारखा दिसतो. गाईच्या सडाला जखम झाली असेल, दुधात रक्ताची रेघ असेल, हे आईंना पहाटे दिसायला हवं ना? बाळाची कावीळ मात्र कुठल्याच टॉर्चने बघू नये, ती दिवसाच्या उजेडातच.

आणि बांधावरचे दादा, साप चावला तर वर करकचून दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका. पाय हलवू न देता थेट सरकारी दवाखाना गाठा, प्रतिविष तिथे मिळतं. लिहिण्याच्या ओघात राहून जातं म्हणून सांगितलं.

सोल्डर_कोल्हापूर

भावा, टॉर्च कुठलीबी घे, सेल नीट घे. माझं रिपेअरिंगचं दुकान आहे, माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या बऱ्याच टॉर्चना काही झालेलं नसतं, सेलनं घात केलेला असतो.

१८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, नावातच माप आहे. चांगल्या कंपनीचा १८६५० साधारण साडेतीन हजार एमएएचपर्यंत जातो, त्यावर ९९०० लिहिलेलं दिसलं की तो सेल हातातपण घ्यायचा नाही. मी असले दोन-तीन उघडून, मोजून बघितलेत, हजारभर एमएएच निघालं, वजनालाच हलके लागतात, खरा सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो. जुन्या लॅपटॉपमधनं काढून नवं रॅपर चढवलेलेबी बाजारात फिरतात.

माझं मत ऐकायचं असंल तर तुला १८६५०पेक्षा डबल ए मापाची टॉर्च बरी पडंल, खिशात पेनसारखी बसती. त्यातपण अशी घे की साधा डबल ए सेलबी चालतो आणि त्याच मापाचा लिथियमचा १४५०० सेलबी चालतो. सोफिर्न एसपी१० प्रो तसली आहे. रोज १४५०० वर वापर, आणि कधी चार्ज करायचं राहिलं तर फाट्यावरच्या टपरीतनं पेन्सिल सेल घेऊन टाक, उजेड कमी पडंल पण घरापर्यंत पोचशील. फक्त एक ध्यानात ठेव, १४५०० फुल चार्ज झाला की ४.२ व्होल्टचा असतो, साधा सेल दीडचा. माप सारखं दिसतं म्हणून घड्याळात, रिमोटमध्ये, आईच्या साध्या टॉर्चमध्ये घातलास की ते जळणार. त्या सेलवर लाल टेप लावून ठेव.

आईच्या टॉर्चमध्ये निकेलचे रिचार्जेबल घाल, एनिलूपसारखे, १.२ व्होल्टचे असतात पण चालतात आणि सहसा गळत नाहीत. अल्कलाईन सेल महिनोन्‌महिने आत पडून राहिला की गळतो आणि पांढरी बुरशी धरल्यासारखं होतं. टॉर्च टाकून देऊ नको, ते अल्कली असतंय, काडीला कापूस गुंडाळून लिंबाच्या रसाचे दोन थेंब लाव, फसफस थांबली की कोरडं पुस.

चार्जिंगची घेणार असशील तर बऱ्याच स्वस्त टॉर्च टाईप-सी असूनपण दोन्हीकडं सी असलेल्या केबलनं चार्ज होत नाहीत, कारण आत दोन बारीक रेझिस्टर वाचवलेले असतात. बिघडली म्हणून लोक माझ्याकडं आणतात. जुन्या चार्जरची एकीकडं चौकोनी पिनवाली केबल लाव, लगेच चालू होती.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. खिशात टॉर्च आपोआप लागून मांडी भाजलेली माणसं मी बघितलीत, पँटीला भोक पडलेलं बघितलंय. कडेला हलकं बटण असलेली टॉर्च असंल तर खिशात टाकताना मागचं टोपण पाव फेरा सैल कर, सर्किट तुटतं, कितीबी दाबलं तरी लागत नाही. बऱ्याच चांगल्या टॉर्चना ही सोय असती, दुकानातच करून बघ. विमानानं कधी गेलास तर सुटे सेल हातातल्या बॅगेत, खाली देतोय त्या बॅगेत नाही.

सेकंडशिफ्ट_जुन्नर

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, आईला खिसा नाही हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

एक विचारायचं राहिलं. काहींच्या बुडाला लोहचुंबक असतो, आमच्या प्रेसवर डाय सेटिंगला टॉर्च चिकटवून दोन्ही हात मोकळे राहतील असं वाटतंय. घ्यावा का? आणि तो लुकलुकणारा स्ट्रोब मोड बिबट्याला पळवतो म्हणतात, खरं का?

सोल्डर_कोल्हापूर

चुंबक घे पण काढता येणारा घे. प्रेस शॉपमध्ये लोखंडाचा चुरा असतोय, आठवड्यात बुडाला दाढी आल्यासारखी होती आणि तोच चुरा टोपणाच्या आट्यात शिरला की रबरी रिंग कापतो, मग पाणी आत जायला वाट मिळती. रोज फडक्यानं पुसायची तयारी असंल तर चांगली वस्तू आहे. त्या रिंगला चार-सहा महिन्यांनी सिलिकॉन ग्रीस लाव, खोबरेल किंवा व्हॅसलीन नको, काही रबर त्यानं फुगतं.

बांधावरचा

लुकलुकणाऱ्या उजेडावर विसंबू नका. त्या उजेडात तुम्हालाच पुढचं पाऊल नीट दिसत नाही, आणि जनावर कुठल्या बाजूला सरकलं ते कळत नाही. सरळ झोत धरा, मोठ्यानं बोला, त्याला जायला वाट ठेवा. मी आजवर दोनदा लांबून बघितलाय, दोन्ही वेळेला तोच उसात वळून गेला.

सेकंडशिफ्ट_जुन्नर

दोन आठवडे वापरून मग लिहितोय. डबल ए मापाची घेतली, १४५०० सेल आणि सोबत दोन साधे सेल, चार-पाच हजार केल्विनमधला रंग. सुरुवातीला पँटच्या खिशात खाली टाकत होतो, तिथं चाव्या आणि तंबाखूच्या पुडीसारखा कचरा जमतो, काचेवर ओरखडा आला. आता क्लिपने उजव्या खिशाच्या कडेला उलटी लावतो, तोंड खाली, म्हणजे हात घातला की बटण थेट अंगठ्याखाली येतं. बसमधून उतरायच्या आधी टोपण आवळतो, घरी पोचलो की पाव फेरा सैल. दोरी मनगटात असते, त्यामुळे फळीवरून जाताना हातातून सुटली तरी पाटात जात नाही. फोन आता शर्टाच्या बटणवाल्या खिशात, गाणी तिथूनच वाजतात.

मंद की झगझगीत यात मी मधला मार्ग काढलाय. फाट्यापासून उसापर्यंत खालचा मोड, ऊस लागला की मधला, आणि वळणावर थांबून टॉर्च गालाला लावून एकदा लांब फिरवून बघतो. तिसऱ्याच रात्री बांधावर दोन डोळे चमकले. बांधावरच्या काकांनी सांगितलं तसं थांबून उंची बघितली, ढोपराच्याही खाली, आणि दोन डोळे अगदी जवळजवळ. उदमांजर होतं, शांतपणे पाट ओलांडून गेलं. आधी असतो तर मोबाईलच्या उजेडात मला ते दिसलंही नसतं, नुसती सळसळ ऐकू आली असती. कोळ्यांच्या हिरव्या ठिणग्यापण दिसल्या, आता रोज बघतो.

आईला एका ट्रिपल ए सेलची, एक बटणवाली आणली आणि काळी दोरी लावून दिली. पहिले दोन दिवस ती गोठ्याच्या दारातल्या खिळ्यालाच लटकत होती. परवा पहाटे व्यायलेल्या गाईची वार पडली का बघायला ती तीच गळ्यात घालून गेली, दोन्ही हात मोकळे. काल शेजारच्या काकू विचारत होत्या कुठून आणली म्हणून, त्यांच्यासाठी अजून एक मागवतोय. ताई, तुम्ही दोरीला जो काढता-घालता येणारा हुक लावता तो कुठल्या दुकानात मिळतो? आईची दोरी गोठ्याच्या दावणीत अडकते, ओढ बसली की आपोआप सुटेल असा पाहिजे.

उपकेंद्र_ताई

ओळखपत्राच्या दोऱ्या विकणाऱ्या स्टेशनरीच्या दुकानात मानेमागे प्लॅस्टिकचा जोड असलेली दोरी मागा, ओढ बसली की जोड सुटतो. लहान मुलांच्या शाळेच्या आयकार्डाला तशीच असते. गळ्यात घालायची तर दुसरी कुठलीच घेऊ नका, जनावराने मान झटकली तर साधी दोरी सुटत नाही. आत्ता आहे ती आजच काढून ठेवायला सांगा.